मानपत्रात विशेषणे नकोत, काम लिहा

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे माजी सैनिकांची आठवण काढण्याचा हंगाम सुरू होतो. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस, १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन, पुढे प्रजासत्ताक दिन आणि लगोलग शिवजयंती. जिल्हाधिकारी कार्यालयापासून गल्लीतल्या तरुण मंडळापर्यंत जागोजागी व्यासपीठे उभी राहतात, वीरमाता आणि वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिले जाते, आणि त्याच कार्यक्रमांत माजी सैनिकांसाठी झटणाऱ्या किंवा आपला सांस्कृतिक वारसा जपणाऱ्या कार्यकर्त्यांचाही सत्कार होतो. या सत्कारांना माझा विरोध नाही. ज्या समाजाला चांगल्या माणसाचे जाहीर कौतुक करावेसे वाटते, तो समाज अजून जिवंत आहे, एवढे तर त्यातून नक्की कळते. माझी तक्रार निराळी आहे. सत्कारमूर्तीने नेमके काय केले, हे सभागृहातून बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांना सांगता येत नाही आणि वर्षभराने विचारले तर आयोजकांनाही सांगता येत नाही. मानपत्र वाचायला घ्यावे, तर त्यात ‘निःस्वार्थी’, ‘तळमळीचे’, ‘अष्टपैलू’, ‘दैदीप्यमान’ अशा विशेषणांची रांग लागलेली असते. छापखान्यात हा मजकूर तयारच असतो. नाव आणि दिनांक बदलला की काम भागते.

हे चालायचेच, म्हणून सोडून देण्याजोगे मला ते वाटत नाही. माजी सैनिकांची सेवा आणि वारशाचे जतन ही दोन कामे अशी आहेत की त्यांचा सगळा जीव तपशिलात असतो. तो वगळून केलेला सन्मान त्या कामाला उपयोगी तर पडत नाहीच, उलट त्याच्याविषयी चुकीची समजूत पसरवतो. म्हणून असे सन्मान देताना काम तपशिलाने लिहिले जावे, ज्यांच्यासाठी ते झाले त्यांची त्याला साक्ष असावी आणि तो लेखी तपशील गावाच्या दप्तरात कायमचा राहावा, असे मला म्हणायचे आहे.

माजी सैनिकांची सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रक्तदान शिबिर येते, नाहीतर ध्वजनिधीचा धनादेश. प्रत्यक्षात या सेवेचा मोठा भाग कागदपत्रांचा असतो. नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एखाद्या जवानाचे निधन होते आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच्या पत्नीची धावपळ सुरू होते. तिचे माहेरचे नाव एक असते, लग्नात ठेवलेले दुसरे. नवऱ्याने पलटणीत कळवलेले नाव घरात हाक मारायचे, आणि आधार कार्डावर यांपैकी कोणते तरी एक, तेही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यामुळे १ जून झालेली असते, तर सैन्याच्या कागदात भलतेच वर्ष असते. हे सगळे जुळवायचे म्हणजे प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, तहसीलदारांचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे शिफारसपत्र, आणि मग त्या जवानाच्या रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाशी, पत्रव्यवहार. ते ऑफिस कुठे, हे तो कोणत्या पलटणीत होता यावर ठरते: मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, तोफखाना असेल तर नाशिकरोड, महार रेजिमेंट असेल तर थेट मध्य प्रदेशातले सागर. लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली अधिकृत नोंद, वेळेवर निघाली नसेल, तर ती गाठ वेगळी सोडवावी लागते. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेले आहे. त्यामुळे लाभ झाला आहे तो मोबाइल हाताळता येणाऱ्यांना. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तेव्हा आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईच्या अंगठ्याचे ठसे यंत्राला उमटलेले दिसत नाहीत, आणि जिवंत बाई यंत्रापुढे बसलेली असताना तिच्या हयातीचा पुरावा मिळेनासा होतो.

अशा वेळी तालुक्याच्या गावी कोणीतरी एक माणूस असतो. बहुतेक वेळा तो सैन्यात क्लार्क म्हणून नोकरी केलेला सुभेदार किंवा हवालदार असतो. कधी एखादी वीरपत्नीच, जिने स्वतःचे प्रकरण लढता लढता सगळे नियम पाठ केलेले असतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे कार्ड यांच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे त्यांच्या घरात रचलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने सैनिक घरी पाठवले गेले. जवानाला साधारणपणे १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते, ते या लोकांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या विधवांसाठी राज्य शासनाने पुढे मासिक अनुदान सुरू केले, पण ते घरपोच मिळत नव्हते. गावोगाव फिरून अशी म्हातारी माणसे शोधून काढायची, त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला पिवळा पडलेला कागद वाचायचा आणि अर्ज भरायचा, हे काम याच लोकांनी केले. आता सांगा, ‘तळमळीचे समाजसेवक’ या दोन शब्दांत यातले काय आले? आणि याच व्यासपीठावर, याच शब्दांत, ज्यांनी कार्यक्रमाच्या मंडपाचा खर्च उचलला त्यांचाही सत्कार झाला, तर गावाने कोणाचे अनुकरण करायचे?

वारशाच्या कामाकडे वळू. हा विषय निराळा वाटेल, पण आपल्याकडे तो पहिल्याला चिकटूनच आहे. सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक पांढरी फरशी बसवलेली दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. मात्र या फरशांवर आकडे असतात, नावे नसतात. गेलेले इतके, मेलेले इतके, बस्स. हा प्रकार आपल्या खेड्यांपुरता मर्यादित नव्हता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणींचे लोक अडकले, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि त्यानंतर अनेकांनी तुर्कांच्या कैदेत प्राण सोडले. त्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली, पण शिपायांची मात्र पलटणीनिहाय फक्त संख्या दिली गेली. अशी स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने असा भेदभाव झाल्याचे २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले. एका शतकानंतर आलेली ही कबुली वाचून समाधान मानायचे की संताप, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ही नावे परत कशी मिळवायची? त्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर, बारीक अक्षरांत, सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. पदक हातात घेऊन उजेडात हळूहळू फिरवले की एक माणूस सापडतो. पण त्यातले एक पदक चांदीचे. दुष्काळात, आजारपणात ते सोनाराकडे जायला कितीसा वेळ लागणार? ते वितळले की नावही गेले. म्हणून जो कोणी घरोघर जाऊन अशी पदके, डिस्चार्ज सर्टिफिकेटे, पलटणीतून आलेली पत्रे पाहतो, त्यांचे फोटो काढतो आणि गावाच्या फरशीवरच्या आकड्यापुढे नावे लिहीत जातो, तो वारशाचे काम करतो आहे. आणि तोच माणूस त्याच घरातल्या सुनेच्या पेन्शनचा अर्जही भरून देत असतो, कारण दोन्ही कागद एकाच ट्रंकेत असतात. माजी सैनिकांची सेवा आणि सांस्कृतिक वारसा यांना एका वाक्यात आणण्याचे मला दिसणारे खरे कारण हे आहे. व्यासपीठावर ती दोन वेगवेगळ्या रकान्यांत जातात, हे फक्त पुरस्कारांच्या वर्गवारीमुळे.

आपल्या मातीत सैनिकाचे स्मारक काही इंग्रजांनी आणलेले नाही. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ हीच आपली जुनी युद्धस्मारके. खालच्या पट्टीत लढाई किंवा गुरे सोडवताना पडलेला वीर, मधल्या पट्टीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य, ही मांडणी ठरलेली. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर समुद्रातल्या लढाईची जहाजे वल्ह्यांसकट कोरलेली आहेत. मात्र यातल्या बहुसंख्य दगडांवर अक्षर नाही, त्यामुळे तो वीर कोण हे आज कोणालाही सांगता येत नाही. ज्या दगडांना गावाने देव मानून शेंदूर फासला ते निदान टिकले. बाकीचे विहिरीच्या पायरीला नाहीतर गोठ्याच्या उंबऱ्याला लागले. कौतुक होते, पूजा होते आणि तरी ओळख पुसली जाते, हे आपल्याकडे शेकडो वर्षे घडत आले आहे. शाल-श्रीफळाची आजची पद्धत मला त्या शेंदरासारखी वाटते.

याच्या उलट, नावे लिहून ठेवल्याने काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने जो स्तंभ उभारला, त्यावर आपल्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे कोरली. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची नावे. कंपनीने हा स्तंभ स्वतःच्या विजयासाठी उभारला होता, त्यात या शिपायांविषयी प्रेम होते असे समजण्याचे कारण नाही. तरी नावे दगडावर राहिली, आणि पुढे १८९० च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ‘आम्ही लढलो होतो’ हे म्हणायला त्या समाजाजवळ दाखवता येईल असा पुरावा होता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. त्यानंतर पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. कांबळे स्वतः सैनिक नव्हते. पण सैनिकी पेशा हिरावल्या गेलेल्या समाजाची बाजू त्यांनी लेखी मांडली, ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवले आणि कोरेगावच्या स्तंभापाशी लोकांना जमवायला सुरुवात केली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, ते या खटपटीच्या पार्श्वभूमीवर. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता.

कांबळ्यांचे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने दिले. सैनिकांची सेवा आणि वारशाचे जतन या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच कामाच्या ओघात केल्या, याचा इतका स्पष्ट नमुना दुसरा मिळणार नाही. आजच्या एखाद्या निवड समितीपुढे त्यांचा प्रस्ताव आला असता, तर तो कोणत्या गटात घालायचा यावरच बैठक संपली असती. आणि आज त्यांच्याविषयी आपण काही बोलू शकतो ते कशाच्या आधाराने? त्यांच्या अर्जांच्या, पत्रांच्या, सभांच्या नोंदी राहिल्या म्हणून. त्यांना कोणी किती शाली दिल्या, यावर ते अवलंबून नाही.

तपशिलासह सन्मान कसा करतात, हे शिकायला फार लांब जायला नको. ज्यांचा आपण सत्कार करतो त्या सैन्याकडूनच ते शिकता येईल. शौर्यपदकाबरोबर जे प्रशस्तिपत्र असते त्यात दिवस, ठिकाण आणि कृती असते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, त्याचे प्रशस्तिपत्र वाचावे. १० जुलै १९४४, इटली. जवळून सुरू झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा दोघांना निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. यात ‘दैदीप्यमान’ हा शब्द घालायला जागाच उरत नाही.

या घाडग्यांचा पुतळा माणगावात तहसील कार्यालयासमोर आहे. पण त्यांच्या स्मरणाचा जो प्रसंग मला अधिक विचार करायला लावतो, तो त्यांच्या मृत्यूच्या प्रदेशातला आहे. इटलीतल्या पेरुजा प्रांतातले मोंतोने हे डोंगरावरचे लहानसे गाव. तिथल्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते सूर्यघडीच्या रूपात आहे आणि त्यावर, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी ६ भारतीय सैनिकांना. त्यांतले घाडगे एक आणि संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव दुसरे. घाडग्यांच्या देहाची समाधी ज्ञात नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. अशा वेळी परक्या देशातल्या एका छोट्या गावाने कागद धुंडाळून, जागा नक्की करून, एका मराठी शिपायाला नावानिशी आठवावे, यात वारसा जपणे आणि सैनिकाचा मान राखणे या दोन्ही गोष्टी आपोआप साधल्या. त्या अभ्यासकांचा सन्मान करावा असे कोणाला वाटले, तर मानपत्रात काय लिहायचे याची अडचण पडणार नाही.

आपल्याकडे अडचण पडते, कारण आपली निवडीची पद्धतच उलटी आहे. अनेक पुरस्कारांसाठी इच्छुकाने स्वतःच प्रस्ताव सादर करायचा असतो. सोबत वृत्तपत्रांची कात्रणे, कार्यक्रमांचे फोटो, मिळालेली प्रमाणपत्रे, मान्यवरांची शिफारसपत्रे जोडायची. याचा अर्थ, ज्याने काम करताना फोटोग्राफर सोबत ठेवला तो पात्र, आणि जो पेन्शनचे अर्ज भरत बसला त्याच्याजवळ जोडायला काही नाही. लाभ झालेल्या विधवेला कोणी विचारत नाही. तिचा जबाब म्हणजे कात्रण नव्हे. मग सत्कारही अशा कामांचे होतात जी फोटोत दिसतात. गडावर दिवसभर एकसारखे टी-शर्ट घालून केलेली मोहीम दिसते. त्याच गडाच्या घेऱ्यातल्या वाड्यांमधून मोडी कागद गोळा करून ते वाचून घेणे दिसत नाही. वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव दप्तरे शोधत हिंडले आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले गेले. आजच्या प्रस्तावाच्या नमुन्यात त्यांच्या पायपिटीसाठी रकाना सापडणार नाही.

गडांचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट सांगायला हवी. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातले ११ किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले आहेत. तेव्हापासून दुर्गसंवर्धकांच्या सत्कारांना साहजिकच भर आला. यातल्या कितीतरी तरुणांनी स्वतःच्या खिशातून खर्च करून टाकी उपसली, वाटा मोकळ्या केल्या, झाडीत गडप झालेले अवशेष उजेडात आणले. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण संरक्षित स्मारकावर परवानगीवाचून काम करता येत नाही, असे केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा सांगतो, आणि त्याला कारण आहे. चुन्यात बांधलेल्या तटाला सिमेंट थापले की पाणी आत कोंडते आणि दगड फुटतो. पडलेला चिरा मूळ जागेची नोंद न करता हलवला, तर अभ्यासकाला तो कायमचा मुका होतो. वीरगळाला ऑइलपेंट लावणाऱ्याची भक्ती खरी असते आणि नुकसानही तितकेच खरे असते. अशा कामाचा जाहीर सत्कार झाला की पुढच्या गावात तेच घडते, कारण सत्कार हा अनुकरणाचा परवाना असतो. मानपत्रात ‘गडाचे संवर्धन केले’ एवढेच लिहायचे असल्यामुळे, कसे केले, कोणाच्या देखरेखीखाली केले, आधी काय होते, हे विचारण्याची वेळच निवड समितीवर येत नाही. काम तपशिलाने लिहिण्याची सक्ती असती, तर निम्मे घोळ निवडीच्या टेबलावरच उघडे पडले असते.

पडताळणीची गरज सैनिकांच्या बाबतीतही तेवढीच आहे, हे म्हणताना संकोच वाटतो, पण अनुभव पाठीशी आहे. खोट्या कागदांवर निवृत्तिवेतन घेणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ज्यांनी खरेच तुरुंगवास भोगला त्यांच्या म्हातारपणावर त्यामुळे संशयाची सावली पडली, हे त्या प्रकरणातले सर्वांत वाईट फळ. सन्मान ढिलाईने वाटला की त्याची किंमत नेहमी खऱ्या माणसांनाच मोजावी लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. खरे काम करणारा माणूस प्रसिद्धीपासून दूर राहतो; त्याच्याकडे तपशील, पुरावे, साक्षी मागणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे काय? मला वाटते, तपशील त्याच्याकडे मागावा लागतो हीच आपली चूक आहे. तो जमवणे हे सन्मान देणाऱ्याचे काम आहे. आयोजकांनी हार-तुरे, मंडप, स्मृतिचिन्हे आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी यांवर जेवढे कष्ट घेतले, त्याच्या चौथ्या हिश्श्याने जरी त्या माणसाने मदत केलेल्या घरी जाऊन विचारपूस केली, तरी मानपत्र आपसूक लिहून होते. दुसरा आक्षेप असा की भव्य सोहळ्यामुळे लोकांना प्रेरणा मिळते. मिळत असेल. पण भव्यतेचा हिशेबही मांडावा लागतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ या राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. सन्मानाचे मोल गर्दीने मोजण्याची सवय कुठवर नेते, हे त्या दिवशी दिसले. आणि गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवर नावाआधी पदव्यांसारखे पुरस्कार लावण्याची जी चढाओढ आहे, तिच्यासाठी एवढेच सांगायचे की पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. तिथे ‘समाजभूषण’चा काय पाड!

उशीर हाही सन्मानाचा एक दोष आहे. मूळचे पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधली ४६ वर्षे या पदकाची नोंद काही नाहीशी झालेली नव्हती. ती जिथे वाचली जायला हवी होती तिथे कोणी वाचली नाही. जागतिक विक्रम करणाऱ्याची ही गत, तर तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे गठ्ठे सांभाळणाऱ्या हवालदाराने वाट तरी कोणाची पाहायची?

सन्मानाबरोबर काय द्यावे, याविषयीही थोडे व्यवहाराचे बोलले पाहिजे. शाली या लोकांच्या घरी पुष्कळ झालेल्या असतात. त्यांना लागतो तो एसटीचा आणि टपालाचा खर्च, एक चांगला स्कॅनर, कागद ठेवायला लोखंडी कपाट, आणि हाताखाली शिकायला तयार असलेला एखादा तरुण. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण यातली बहुतेक माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत. एखाद्या महाविद्यालयाने किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने सत्काराच्या दिवशीच दोन विद्यार्थी वर्षभरासाठी त्यांच्याकडे पाठवायचे जाहीर केले, तर तो सन्मान त्यांना मनापासून आवडेल. ज्यांनी जुनी कागदपत्रे जमवली आहेत, त्यांच्या संग्रहाची छायाप्रत तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा पुराभिलेखागारात ठेवण्याची व्यवस्थाही त्याच वेळी व्हावी. नाहीतर माणूस गेला की घरातली दुसरी पिढी दिवाळीच्या साफसफाईत तो गठ्ठा रद्दीत घालते, आणि तिला दोष देता येत नाही. देणगीदारांचाही मान राखावा, त्यात गैर काही नाही. फक्त त्यांच्या मानपत्रात ‘देणगी दिली’ असे लिहावे आणि रक्कम लिहावी.

हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही, मंत्रालयाकडे फाइल पाठवावी लागत नाही. ग्रामपंचायतीने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव करावा. गावातल्या हयात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना त्या सभेत विचारावे की गेल्या वर्षभरात तुमच्या कामाला कोण धावून आले, आणि त्यांनी सांगितलेले नाव, केलेल्या कामासह, इतिवृत्तात लिहावे. गावात महायुद्धाची फरशी असेल, वीरगळ असतील, तर त्यांची सध्याची जागा, मोजमाप आणि फोटो त्याच वहीत चिकटवावेत, आणि फरशीवरच्या आकड्यापुढे आजवर जेवढी नावे सापडली असतील तेवढी, कोणत्या घरातल्या कोणत्या कागदावरून सापडली याच्या उल्लेखासह, लिहावीत. शोधणाऱ्याचे नाव शेवटी, त्याच पानावर. मानपत्र द्यायचेच असेल, तर त्या पानाची सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सहीशिक्क्याची प्रत द्यावी.